ताई, फुल एचडीमध्ये

३ फेब्रुवारी, मंगळवार

ताईला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. ताई, तिची मुलगी आणि मी. डॉक्टर सरळ माणूस. आडपडदा नाही. म्हणाले, गाठ स्वरयंत्रावर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जिवाचा धोका टळेल, आवाज मात्र जाईल. पुढे घशात झडप बसवून बोलायला शिकता येतं, पण तो आवाज हा नव्हे. तारीख दिली. २ मार्च.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सत्तावीस वर्षं बस स्टँडवर अनाउन्सर होती. अर्धं शहर तिच्या आवाजावर धावलेलं आहे. ती 'फलाट क्रमांक चार' म्हणाली की माणसं बोचकी उचलून चारकडे पळायची. चुकून म्हणाली असती तरी पळाली असती.

येताना टॅक्सी केली. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. दुसऱ्या सिग्नलला कल्पना सुचली. ताईवर फिल्म करायची. हाय डेफिनिशन. घरगुती व्हिडिओ नव्हे, फिल्म!

सत्तावीस दिवस आहेत. पुष्कळ झाले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कॅमकॉर्डर घेतला. दुकानदार म्हणाला, साहेब, नवशिक्यांसाठी हा उत्तम. मी दुसरा घेतला.

ही म्हणाली, आवाजच जपायचा आहे ना, मग ऑफिसातला तो छोटा रेकॉर्डर आणा, ताईंसमोर ठेवा आणि गप्पा मारा. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, पण बायकोची दृष्टी काही रुंदावली नाही. तिला फ्रेम, कॉम्पोझिशन, डेप्थ समजावून सांगितलं. ऐकता ऐकता तिने तीन शर्ट इस्त्री केले.

मी पाणीपुरवठ्यात नकाशे काढतो. चोवीस वर्षं. रेषेला रेषा लावणाऱ्या माणसाला कॅमेरा अवघड जाणार नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

मॅन्युअल एकशे चौसष्ट पानांचं आहे. पूर्ण वाचल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, असा निश्चय. लोक इथेच चुकतात.

दुपारी ताईचा फोन. सहज केला म्हणाली. आवाज बसलेला होता, तरी बरंच काही सांगायच्या बेतात दिसली. मी म्हणालो, ताई, आता बोलू नकोस. जे आहे ते शूटिंगसाठी राखून ठेव. बरं म्हणाली. तिला मुद्दा पटला.

पान ३१.

८ फेब्रुवारी, रविवार

पान ३४. पाठ धरली आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

रजा काढून ताईकडे पहिलं शूट.

तिला खिडकीपाशी बसवलं. स्क्रीनवर खिडकी सुंदर आली, ताई काळी ठिक्कर. खुर्ची फिरवली. मग मागे कपाट आलं, कपाटावर बॅगा. बॅगा उतरवल्या, मागची धूळ दिसायला लागली. एचडीत धूळ फार दिसते. भाचीने फडकं मारलं. तोवर ऊन सरकलं. खुर्ची परत फिरवली. मग व्हाइट बॅलन्स. पांढरा कागद ताईच्या तोंडासमोर धरायला लावला. एकदा ताई निळी, एकदा पिवळी. ती कागदामागून काहीतरी सांगत होती. मी म्हणालो, थांब, कागद हलतोय.

चार वाजेपर्यंत टेस्ट शॉट झाला. टीव्हीला जोडून दाखवला. ताई एकदम मागे सरकली. म्हणाली, एवढं स्पष्ट कशाला रे छोट्या? चौपन्न वर्षांच्या माणसाला ती अजून छोट्या म्हणते, आणि ते मुलीसमोर. मी म्हणालो, ताई, हे एकोणीसशेवीस बाय दहाशे ऐंशी आहे. ती म्हणाली, माझा चेहरा तेवढा नाही.

प्रत्यक्ष मुलाखत आज झाली नाही. पण पायाच पक्का नको का?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा ताईकडे. आज फक्त बाहेरचे शॉट घ्यायचे ठरवलं होतं. इमारत, जिना, दारावरची पाटी. फिल्मची सुरुवात अशीच करतात. जिन्याचे अकरा टेक घेतले. अकरावा बरा आला, पण त्यात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ कचऱ्याची बादली घेऊन उतरले आणि कॅमेऱ्याला नमस्कार करून, हे काय चाललंय म्हणून विचारून गेले.

पाटीवर फोकस लावत होतो तेव्हा आतून हसण्याचा आवाज. भाची तर हुंदके दिल्यासारखी हसत होती. आत गेलो तर दोघी ओट्याशी, डोळे पुसताहेत. ताईने स्टँडवरचा किस्सा सांगितला होता. एका बाईने चौकशीच्या खिडकीत येऊन सांगितलं, नवरा हरवलाय, पुकारा. ताईने पुकारलं. तिघे आले.

पुढे अजून काही होतं, मला कळलं नाही. मी लगेच ट्रायपॉड आणला. ताईला म्हणालो, हेच सांग, असंच, हसत. ती सांगायला लागली. फ्रिज घुर्र करायला लागला. कट. फ्रिज बंद केला. पुन्हा. या वेळी तिने 'एक बाई आली' ऐवजी 'एक बाई होती' म्हटलं. मला 'आली' हवं होतं, त्यात गती आहे. कट. तिसऱ्यांदा ताई म्हणाली, जाऊ दे, पुढचं विसरले.

भाची माझ्याकडे बघत होती. ती लॅबमध्ये काम करते, दिवसभर काचपट्ट्या बघते. तिची नजर तशीच झाली आहे.

फ्रिज चालू करायचा राहिला. संध्याकाळी फोन आला, दूध नासलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस फिल्मचा कळस ठरणार!

ताईला स्टँडवर नेलं. पाच वर्षांपूर्वी ती निवृत्त झाल्यापासून तिथे यंत्र बोलतं. कंट्रोलरने तिला ओळखलं, उठून उभा राहिला. आत नेलं. खोली तेवढीच, खुर्ची बदलली आहे. मी परवानगी मागण्याआधीच तो म्हणाला, बाई, एक गाडी पुकारा ना. तुमच्या तोंडून ऐकून फार दिवस झाले.

ताईने पदर सारखा केला, माइकवर दोनदा टकटक केलं आणि पुकारलं. आवाज खरखरीत होता, पण थाट तोच. कंट्रोलर म्हणतो, बाहेर बाकांवरची माणसं वर बघायला लागली. एक म्हातारा हमाल फलाटावरून चालत खिडकीशी आला. म्हणाला, मी म्हटलं, यंत्राला अक्कल कधी आली? ताईने त्याचा हात काचेच्या फटीतून धरला.

हे सगळं मी भाचीकडून ऐकून लिहितोय. मी तिथेच होतो, पण फोकसचा तो चौकोन ताईचा चेहरा सोडून सारखा मागच्या घड्याळावर जात होता. माझं सगळं लक्ष त्याच्यावर. दिग्दर्शकाला असा त्याग करावा लागतो.

दमलो. पण मिळालं. आज मिळालं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बटण एकच आहे. दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. काल स्टँडच्या दारात ते एकदा चुकून दाबलं गेलं असावं. त्यानंतर मी सुरू केलं तेव्हा बंद झालं आणि बंद केलं तेव्हा सुरू. दारात उन्हामुळे आणि आत त्या चौकोनाच्या नादात स्क्रीनवरची लाल टिकली दिसली नाही. हा डिझाइनचा दोष आहे. पान ४० वर म्हणे इशारा दिलेला आहे. मी पान ३८ वर होतो.

आलेलं फुटेज : फलाटाची फरशी. माझी उजवी चप्पल. फरशी. कंट्रोलरच्या खोलीचा उंबरठा. इथे कट. मग पुन्हा चप्पल. एकूण सव्वीस मिनिटं.

चित्र मात्र अत्यंत शार्प. फरशीवरची तिकिटं वाचता येतात.

ताईला काही सांगितलं नाही. तिने विचारलं, चांगलं आलं का? मी म्हणालो, डिटेल फार सुंदर आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

झालं ते बरंच झालं. स्टँड वगैरे सगळा बाहेरचा दिखावा. फिल्मचा गाभा म्हणजे मुलाखत. एकच बैठक, सलग तीन तास, रविवार १ मार्चला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. त्यात जी धार येईल ती आधी येणार नाही.

कॉलरला लावायचा क्लिप माइक मागवला. प्रश्नावली लिहायला घेतली. आज बावीस प्रश्न झाले.

ही म्हणाली, एक तारखेपर्यंत थांबता कशाला, आजच जाऊन बसा. मी म्हणालो, माइक यायचाय. ती म्हणाली, तुम्हाला ऐकायला माइक लागतो का? बोलण्यात काही अर्थ नव्हता.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

प्रश्न चौऱ्याऐंशी झाले. बालपण, शिक्षण, नोकरी, संसार, मेव्हण्यांचं जाणं, समारोप असे विभाग पाडले आहेत. वेगळ्या रंगांत टाइप केले.

ताईचा फोन आला होता. मी ऑफिसात होतो. हिने घेतला. दोघी तासभर बोलल्या म्हणे. काय बोलल्या विचारलं तर ही म्हणाली, असंच.

तासभर! राखून ठेव म्हणून सांगितलं होतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

भाचीचा फोन. डॉक्टरांनी ऑपरेशन अलीकडे आणलं. बुधवारी, २५ तारखेला. ताईला गिळताना त्रास व्हायला लागलाय, थांबणं बरं नाही म्हणाले. मंगळवारी सकाळी ॲडमिट.

माझं शेड्यूल कोणी विचारात घेतलेलं नाही.

म्हणजे उरले रविवार आणि सोमवार. माइक सोमवारी संध्याकाळी येणार. रविवारी माइकशिवाय शूट केलं तर दर्जा राहणार नाही. आणि एकदा का दर्जाशी तडजोड केली, की मग माझ्यात आणि लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांत फरक काय?

रविवारी प्रश्नावली तपासावी. वर्तुळं करून ८४ चे ६० करावेत.

२२ फेब्रुवारी, रविवार

६० चे ९१ झाले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

हॉस्पिटल. भेटीची वेळ चार ते पाच. मी पावणेचारला सगळं घेऊन हजर. ट्रायपॉड, कॅमेरा, दोन बॅटऱ्या, माइक, फाइल. वॉर्डात सहा खाटा. ट्रायपॉड दोन खाटांच्या मधे उभा केला. नर्स आली, काढा म्हणाली. मी म्हणालो, फिल्म आहे. ती म्हणाली, सलाइनचा स्टँड कुठे ठेवू? शेवटी कॅमेरा औषधाच्या कपाटावर ठेवला, खाली फाइल घालून. म्हणजे प्रश्न फाइलमध्ये आणि फाइल कॅमेऱ्याखाली.

प्रश्न पाठच होते. ताईच्या गाऊनला माइक लावला. पहिला विचारला, आपला जन्म कुठे झाला?

ताई म्हणाली, तुला माहीत नाही? मी म्हणालो, मला माहीत आहे, प्रेक्षकांना नाही. ती म्हणाली, कोण प्रेक्षक? रास्त शंका होती. मी तिला समजावलं की फिल्म कोणा एकासाठी नसते, आज भाची आहे, उद्या भाचीची मुलं, आवाज गेला तरी दस्तऐवज उरतो, वगैरे. 'आवाज गेला' म्हणताना माझाच आवाज जरा चिरकला, म्हणून तो भाग पुन्हा घेतला. शेजारच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या, छान बोलतात तुमचे भाऊ. ताईने मान डोलावली.

घड्याळात पाच वाजायला सात मिनिटं. ताई म्हणाली, छोट्या, ते बंद कर आणि इथे बस. मी म्हणालो, दोनच मिनिटं, माइक काढतो, वायर गुंडाळतो, नाही तर आत तुटते. वायर गुंतली होती. सोडवत होतो. ताई बघत होती. मी वायरीकडे बघत होतो, कारण दुसरीकडे कुठे बघावं कळत नव्हतं.

पाचची घंटा झाली. नर्सने सगळ्यांना बाहेर काढलं. दारातून मी म्हणालो, उद्या भेटू. ताई काहीतरी म्हणाली. बाहेरच्या गलक्यात ऐकू आलं नाही. काय, असं विचारायला वळलो तर पडदा ओढला होता.

२५ फेब्रुवारी, बुधवार

साडेचार तास लागले. व्यवस्थित झालं म्हणाले.

कॅमेरा घरीच होता.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई शुद्धीवर, मान बांधलेली. मला बघून हात वर केला. बोलायला तोंड उघडलं आणि मग तिच्या लक्षात आलं. मी फळं आणली होती, ती गिळता येत नाहीत. परत आणली.

३ मार्च, मंगळवार

एडिटिंगला सुरुवात. फिल्म खरी टेबलावरच घडते.

घरचा कॉम्प्युटर एचडी फाइल बघून गुदमरतो. ताई एक पापणी मिटते, मग अर्ध्या मिनिटाने उघडते. एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकटचं घेतलं, ते ताईच्या कपाळावर 'ट्रायल व्हर्जन' असं लिहितं. ट्रायल तीस दिवसांची. तोपर्यंत संपवायचं. रोज दोन तास, शिस्तीत.

९ मार्च, सोमवार

नावांचं काम पूर्ण झालं. सहा दिवस गेले, पण चीज झालं. काळ्यावर सोनेरी अक्षरं, मागून प्रकाश. संकल्पना, पटकथा, संवाद, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी. प्रत्येकाखाली माझं नाव वेगळ्या पद्धतीने सरकत येतं. एका ठिकाणी गोल फिरतं.

हिला दाखवलं. म्हणाली, ताईंचं नाव कुठे आहे?

घालायचंच होतं.

१४ मार्च, शनिवार

आज पहिल्यांदा सगळं फुटेज सलग बघितलं. हेडफोन लावून. एक तास बावन्न मिनिटं.

मी बोलतोय.

पहिल्या दिवशी : ताई, मान थोडी डावीकडे, नाही, माझ्या डावीकडे. ताई, थांब. ताई, आता नको. मग व्हाइट बॅलन्स म्हणजे काय यावर साडेआठ मिनिटं. जिन्यात मी त्या वरच्या गृहस्थांना एचडी समजावतोय. स्टँडच्या फरशीवर जरा आशा होती, कारण चप्पल दिसत असली तरी ताई शेजारून चालत होती, काहीतरी सांगत असणार. नीट ऐकलं. मी तिला मेमरी कार्डाचे प्रकार सांगतोय. ती हं म्हणते. हॉस्पिटलात तर माझं भाषणच, दोनदा. दुसऱ्यांदा जास्त चांगलं झालंय.

माझं बोलणं कापून टाकलं. जे उरलं ते जोडलं.

तीन मिनिटं चाळीस सेकंद.

त्यात 'हं' सव्वीस. 'बरं' नऊ. खोकला. 'जाऊ दे, पुढचं विसरले'. 'एक बाई आली' एकदा, 'एक बाई होती' एकदा. 'तुला माहीत नाही?' 'कोण प्रेक्षक?' आणि 'इथे बस'.

पुन्हा मोजलं. तेवढंच.

१५ मार्च, रविवार

तसं पाहिलं तर तीन मिनिटं चाळीस सेकंद कमी नाहीत. नेमकेपणालाही किंमत असते. लोक तीन तास बोलून काही सांगत नाहीत.

मधे मधे जिन्याचे शॉट घातले तर सहा मिनिटं होतील.

हिला विचारलं, त्या दिवशी फोनवर तासभर ताई काय बोलली होती? ही म्हणाली, तुमच्याबद्दलच बोलत होत्या. लहानपणी तुम्ही तापात होतात, तेव्हाचं. मी म्हणालो, काय नेमकं? ही सांगायला लागली. मग थांबली. म्हणाली, मला नाही त्यांच्यासारखं सांगता येत.

१६ मार्च, सोमवार

आज ऑफिसातून भाचीला फोन केला. विचारलं, त्या तिघा नवऱ्यांचं पुढे काय झालं? ती म्हणाली, मामा, मी कामात आहे. मग थोड्या वेळाने स्वतःच फोन करून सांगितलं. त्या बाईने तिघांकडे नीट बघितलं आणि ताईला म्हणाली, यातला एकही नको, पुन्हा पुकारा.

हसलो. शेजारच्या टेबलावरच्याला सांगायला गेलो. तो म्हणाला, बरं मग?

१९ मार्च, गुरुवार

ताई परवा घरी आली. आज भेटायला गेलो. गळ्याला पांढरा रुमाल, त्यामागून श्वासाचा बारीक आवाज येतो. भाचीने वही आणि जाड पेन दिलंय. ताईचं अक्षर मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. गोल आहे.

मला बघताच लिहिलं, फिल्म दाखव.

मी म्हणालो, अजून एडिटिंग बाकी आहे, रंग दुरुस्त करायचेत, संगीत घालायचंय. तिने 'दाखव'खाली दोन रेघा मारल्या. कॅमेरा पिशवीत होताच, ऑफिसात ठेवलेला बरा नसतो म्हणून. ती तीन मिनिटं चाळीस सेकंद घरच्या कॉम्प्युटरवर होती. कॅमेऱ्यात होतं ते सगळं, न कापलेलं.

टीव्हीला जोडला. भाची स्टुलावर, ताई पलंगावर उशीला टेकून. मी म्हणालो, पुढे ढकलतो, सुरुवात नुसती तांत्रिक आहे. ताईने रिमोट माझ्या हातातून काढून घेतला.

एक तास बावन्न मिनिटं बघितलं. कागदामागून बोलणारी स्वतः बघितली. जिना अकरा वेळा बघितला. चप्पल आली तेव्हा भाची उठून आत गेली. ताई मात्र बघत राहिली. व्हाइट बॅलन्सच्या वेळी तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे, घाबरलो. हसत होती. आवाज अजिबात नाही, नुसते खांदे आणि डोळ्यांतून पाणी. हॉस्पिटलातलं भाषण तिने मागे नेऊन पुन्हा लावलं. माझा आवाज चिरकतो तिथे थांबवलं, आणि तेवढाच तुकडा आणखी एकदा लावला.

संपल्यावर तिने वही ओढली. बराच वेळ पेन हातात धरून होती. मला वाटलं आता मोठं काहीतरी येणार. एकच ओळ लिहून वही माझ्याकडे फिरवली.

तुझा आवाज फार छान आलाय.

मी म्हणालो, हो, माइक चांगल्या कंपनीचा आहे.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी टीव्हीची वायर काढून गुंडाळायला घेतली.